निवडलेली मटकी

गुरुवारची दुपार होती. जेवणे होऊन, भिंतीकडेच्या गाद्यांवर थोडा वेळ आडवी होऊन मंडळी पुन्हा लांब टेबलाभोवती जमली होती आणि साडेतीनच्या चहाला अजून अवकाश होता. बोटांच्या व्यायामासाठी म्हणून त्या दिवशी मी परातीत मूग, मटकी आणि चवळी एकत्र करून दिली होती. तीन वाट्यांत तीन धान्ये वेगळी करायची, एवढेच काम. चिमटीतली ताकद राहते, नजर आणि हात यांचा मेळ टिकतो, मन थोडा वेळ एका जागी ठरते, म्हणून ज्येष्ठांच्या केंद्रांमध्ये असे उपक्रम घेतले जातात. बाकीची मंडळी दाणे चिवडत गप्पा मारत बसली होती. आक्कांनी मात्र पदर कमरेला खोचला, परात स्वतःकडे ओढली आणि डाव्या तळहाताच्या कडेने मूठभर धान्य पुढे सारून ते असे पसरले की एकही दाणा दुसऱ्यावर राहिला नाही. मग उजव्या हाताची दोन बोटे चालू लागली. पाऊण तास लागेल असे मी धरून चालले होते. वीस-पंचवीस मिनिटांत तिन्ही वाट्या भरल्या. निघालेले तीन खडे आणि एक किडका मूग त्यांनी पदराच्या टोकाला बांधून ठेवला. वाट्या माझ्याकडे सरकवून त्यांनी दोन्ही हात झटकले आणि त्या माझ्याकडे बघत राहिल्या.

मी "छान, छान" म्हणाले. मला टेबल पुसायचे होते, कप मांडायचे होते, शिवाय शुक्रवारच्या गटालाही तेच धान्य द्यायचे होते, म्हणून मी तिन्ही वाट्या एकामागून एक त्याच मोठ्या बरणीत ओतून टाकल्या. नीट मिसळावे म्हणून बरणी हलवलीसुद्धा.

"बाई," आक्का म्हणाल्या, "मग मी केलं काय?"

आवाजात राग नव्हता. बाजारात माप कमी भरले तर गिऱ्हाइकाने विचारावे, तसा तो साधा, सरळ प्रश्न होता. तेवढ्यात चहा आला, कुणीतरी साखर मागितली, कुणाला तरी बिनसाखरेचा हवा होता, आणि मी उत्तर न देता कपांच्या मागे लागले. घरी आल्यावर भांडी विसळताना, रात्री दिवा मालवताना तो प्रश्न परत परत येत राहिला.

आक्कांना स्मृतिभ्रंश आहे. सकाळी न्याहारीला काय होते हे त्यांना दहा वाजता सांगता येत नाही. माझे नाव त्यांना दोन वर्षांत एकदाही आठवलेले नाही. सगळे म्हणतात म्हणून त्याही मला 'बाई' म्हणतात. त्यामुळे गुरुवारचे शुक्रवारी त्यांच्या लक्षात राहील असे मला वाटले नव्हते, आणि खरोखरच ते राहिलेही नव्हते. तरीसुद्धा शुक्रवारी त्या टेबलाशी आल्या नाहीत. दाराजवळच्या बाकावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिल्या. सोमवारीही तेच. "आक्का, या की इकडे," असे म्हटले की "नगं, हितं बरं हाय," एवढेच उत्तर येई. तिथे का बरे वाटते आणि टेबलाशी का नको वाटते, हे त्यांनाही सांगता येत नव्हते. जिनिव्हा येथील एदुआर क्लापारेद या मानसशास्त्रज्ञांनी १९११ साली एक हकिगत लिहून ठेवली आहे. त्यांची एक रुग्ण नवे काहीच लक्षात ठेवू शकत नसे. रोज भेटणाऱ्या डॉक्टरांचीही तिला ओळख राहत नसे. एकदा त्यांनी बोटांत टाचणी लपवून तिच्याशी हस्तांदोलन केले. पुढे त्यांनी पुन्हा हात पुढे केला तेव्हा तिने आपला हात मागे घेतला, आणि का घेतला याचे कारण तिच्यापाशी नव्हते. आयोवा विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१४ साली अल्झायमरच्या १७ रुग्णांना दुःखद आणि आनंदी चित्रफिती दाखवून तपासले, तेव्हाही असेच दिसले: काय पाहिले ते विसरले गेले होते, पण पाहून जे वाटले ते मागे रेंगाळत होते. हे सारे मला ठाऊक होते. प्रशिक्षणात ते वहीत लिहून घेतलेले होते. आपल्याच हातात टाचणी असू शकते, हे मात्र कधी मनात आले नव्हते.

आमच्या केंद्राच्या दारावर 'ज्येष्ठ नागरिक विरंगुळा केंद्र' अशी पाटी आहे. कोल्हापुरात रंकाळा तलावाच्या बाजूच्या एका पेठेत दोन खोल्या, एक पडवी, मागे छोटे स्वयंपाकघर आणि कौलातून गळणाऱ्या पाण्याखाली पावसाळ्यात ठेवायच्या दोन बादल्या, एवढा आमचा संसार. संध्याकाळी वारा फिरला की तलावाच्या पाण्याचा ओलसर, किंचित कुबट वास पडवीत येतो आणि त्यापाठोपाठ भाजलेल्या कणसांचा. सकाळी साडेदहाला मंडळी जमतात, रक्तदाब पाहिला जातो, पाचच्या सुमारास कुणाचा मुलगा, कुणाची सून, कुणाची नात न्यायला येते. पटावर बावीस नावे आहेत. रोज पंधरा-सोळा येतात. विरंगुळा हा शब्द मला फार आवडतो. उच्चारतानाच जीव हलका होतो. पण त्या गुरुवारनंतर मी त्या पाटीखालून जाताना थबकू लागले. विरंगुळा त्याला लागतो ज्याचा जीव कामात गुंतलेला आहे. शेतातून आलेल्या माणसाला पारावरच्या गप्पा हा विरंगुळा, दिवसभर चुलीपाशी उभी राहिलेल्या बाईला रात्रीचे भजन हा विरंगुळा. ज्याच्या दिवसातले कामच आपण काढून घेतले, त्याला नुसता विरंगुळा दिला तर तो कशातून उसंत घेणार?

मी वीस वर्षे प्राथमिक शाळेत शिकवले. इथे आले तेव्हा हातात जे होते तेच घेऊन आले: रंगवायची चित्रे, जोड्या लावा, टाळ्यांची गाणी, आणि तो आवाज. लहान मुलांशी बोलताना शिक्षिकेचा जो थोडा वर चढलेला, गोड केलेला आवाज असतो, तो मी सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांसाठी वापरत होते. मंडळी सोशिक होती. मोराला रंग द्या म्हटले की देत होती. एका गृहस्थांनी, जे आयुष्यभर तलाठी होते, तीन दिवस मोर, पोपट आणि कमळ रंगवले आणि चौथ्या दिवशी कागद माझ्या हातात परत देत हळू आवाजात विचारले, "हे कुणाला द्यायचं असतं?" मी म्हणाले, घरी न्या, नातवंडांना दाखवा. ते काही बोलले नाहीत. आज वाटते, आक्कांनी जे विचारले तेच त्यांनी वर्षभर आधी विचारले होते.

माझे वडील शाहू मिलमध्ये फिटर होते. भोंग्यावर उठायचे, भोंग्यावर जायचे. घरातली घड्याळे भोंग्यावर लावली जात. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच काम स्वतःकडे ठेवले, ते म्हणजे गंगावेशीच्या दूधकट्ट्यावरून दूध आणण्याचे. त्यासाठी त्यांची एक अॅल्युमिनिअमची किटली होती. तिच्या झाकणाची कडी तुटली होती, म्हणून त्यांनी तांब्याच्या तारेने झाकण दांडीला बांधले होते. चालताना ते झाकण टिकटिक वाजायचे आणि गल्लीत शिरल्याचे आम्हांला आतूनच कळायचे. समोर म्हैस पिळली जाते, फेस वर येतो, मग माप धरले जाते. तिथे उभे राहून वडील दोन-चार जणांशी बोलत, कुठल्या पेठेच्या संघाने फुटबॉलचा सामना मारला ते ऐकत आणि ती बातमी दुधाबरोबर घरी आणत. एका पावसाळ्यात ते घसरले. लागले फारसे नव्हते, गुडघा सोलवटला होता. भावाने दुसऱ्याच दिवसापासून पिशवीचे दूध दारात लावले. "आता कशाला जाताय आण्णा? तुम्ही बसा निवांत," असे आम्ही सगळेच म्हणालो, आणि आमच्या म्हणण्यात मायेशिवाय काही नव्हते. वडिलांनी किटली घासून, उपडी करून, वाळवून खिळ्याला अडकवली. नंतर मी माहेरी गेले की ते मला दाराच्या आतल्या खुर्चीत दिसत. मधूनच उठून किटली उतरवत, झाकण उघडून आत बघत आणि परत अडकवत. आम्ही त्याला वयाचा विसरभोळेपणा म्हणायचो.

त्यानंतर ते दोन वर्षे होते. त्या किटलीचा आणि त्यांच्या खचण्याचा संबंध मी लावू धजत नाही. गुडघा खरा होता, रस्ताही निसरडा होता. पण भावाने त्यांच्याबरोबर चालत जावे, किटली त्यांच्याच हातात ठेवावी, असे आमच्यापैकी कुणालाच सुचले नाही.

एलेन लँगर आणि ज्युडिथ रोडिन या दोघींनी १९७६ साली अमेरिकेतल्या कनेटिकट राज्यातल्या एका वृद्धनिवासात केलेला प्रयोग मी वाचला, तेव्हा मला ती किटलीच दिसली. एका मजल्यावरच्या लोकांना सांगितले गेले की तुमच्या खोलीची मांडणी तुम्ही ठरवा, सिनेमा कोणत्या रात्री पाहायचा ते तुम्ही ठरवा, आणि हवे असल्यास एक रोप निवडा, ते तुमचे, त्याला पाणी तुम्ही घालायचे. दुसऱ्या मजल्यावरही रोपे दिली. फक्त तिथे सांगितले की काळजी करू नका, पाणी परिचारिका घालतील. तीन आठवड्यांनी पाहिले तर पहिल्या मजल्यावरची माणसे अधिक तरतरीत, अधिक हिंडती-फिरती, अधिक बोलती झाली होती. सेवेत दुसरा मजला कुठेच कमी नव्हता. त्याच्या वाट्याला आलेली वागणूक प्रेमळ होती, अगदी आमच्यासारखी.

मग आम्ही काय बदलले, हे सांगणे सोपे नाही, कारण बाहेरून फारसे काही बदललेले दिसत नाही. नवीन माणूस आले की आमच्याकडे एक अर्ज भरून घेत असत. त्यात 'छंद' असा एक रकाना होता आणि दहापैकी आठ जण तिथे 'काही नाही' किंवा 'टीव्ही' असे लिहवून घेत. ज्या बाईने पहाटे चारला उठून वीस माणसांच्या भाकऱ्या थापल्या तिला छंद कुठला विचारता? तो रकाना मी काढला. आता आम्ही घरच्यांसह बसून विचारतो की सकाळी उठल्यावर हात पहिल्यांदा कशाला जायचे, लोक तुम्हांला काय विचारायला यायचे, कोणते काम दुसऱ्याने केलेले तुम्हांला पटत नसे. या शेवटच्या प्रश्नावर माणसे हमखास खुलतात. एका आजींनी सांगितले की शेवग्याच्या शेंगा कुणी सोललेल्या त्यांना चालत नाहीत. एका काकांना दुसऱ्याने बांधलेला पार्सलचा दोरा बघवत नाही. उत्तरांवरून दिवस आखायचा, तो करून पाहायचा आणि मग नीट बघायचे. हात किती वेळ चालले, माणूस मधे उठून दाराकडे गेले का, शेजारच्याशी आपणहून बोलले का, संध्याकाळी चारनंतरची ती अस्वस्थ घटका कशी गेली, हे वहीत टिपायचे आणि जे जमले नाही ते सोडून द्यायचे. रंगवणेही आम्ही टाकलेले नाही. ज्यांना ते मनापासून आवडते ते आजही रंगवतात, पण संक्रांतीची तिळगुळाची पाकिटे रंगवतात, ती वाटली जातात.

प्रश्न विचारण्याची पद्धतही बदलावी लागली. आधी मी रोज सकाळी फळ्यासमोर उभी राहून विचारायची, "आज वार कोणता? तारीख काय? मुख्यमंत्री कोण?" उत्तर न आलेल्या चेहऱ्यांवर जी सावली येते, ती शाळेत बघायची मला सवय होती, म्हणून ती इथे दिसली नाही. ब्रिटनमध्ये स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांसाठी बसवलेली गटाने करायची एक पद्धत आहे. २००३ साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. सात आठवडे, आठवड्यातून दोनदा, पाऊण पाऊण तासाच्या एकूण चौदा बैठका. त्यातले एक सूत्र मला सर्वांत मोलाचे वाटते: माहिती विचारू नका, मत विचारा. माहिती चुकते, मत चुकत नाही. आता आम्ही विचारतो, मिसळीबरोबर ब्रेड की पाव? कोल्हापुरात हा प्रश्न टाकल्यावर काय होते ते सांगायला नको. जे काका दोन दिवस बोललेले नसतात तेही पावाचे नाव ऐकून खुर्चीत पुढे सरकतात. पांढरा रस्सा आधी प्यावा की तांबडा, पायताण करकर वाजणारे बरे की न वाजणारे, जोतिबाच्या यात्रेला चालत जाण्यात मजा की बैलगाडीत. कट याला म्हणायचे की त्याला, यावर एकदा चहा थंड झाला. फळ्यावर वार आणि तारीख मी अजूनही लिहिते, मोठ्या अक्षरात, ज्याला बघायची त्याने बघावी.

सगळेच असे सरळ जमून येत नाही. आमच्याकडे एक आबा आहेत, तरुणपणी पेठेतल्या तालमीत घाम गाळलेले. खुर्चीत बसून करायच्या व्यायामाला ते हाताची घडी घालून बसत. एकदा त्यांना म्हटले, आबा, तुम्ही आकडे म्हणा, आम्ही चुकतो. ते उठले, सगळ्यांच्या मागे जाऊन उभे राहिले आणि म्हणाले, "आधी पाय रोवा. पाय न्हाईत तर हात कशाला हलवताय?" पासष्ट वर्षांवरील माणसांनी तोल आणि ताकद यांचे व्यायाम आठवड्यातून किमान तीन दिवस करावेत, असे जागतिक आरोग्य संघटनेचे २०२० सालचे मार्गदर्शन आहे, आणि पडण्याची भीती आमच्या दर दुसऱ्या घरात आहे, पण ते मी शंभरदा सांगून झाले नव्हते ते आबांच्या एका हाळीने झाले. सोमवार, बुधवार, शुक्रवार ते व्यायाम घेतात. टाचेला चवडा लावून चालायचे, खुर्चीची पाठ धरून एका पायावर उभे राहायचे, आणि ते प्रत्येकाच्या मागे हात पुढे धरून उभे राहतात, न शिवता.

यावर खूश होऊन मी एक दिवस तालमीतून हौद्यातली माती मागून आणली. आठवणींना वाट करून देणे हा म्हाताऱ्या माणसांच्या मनाचा रिकामटेकडेपणा नसून ती त्यांची गरज आहे, असे रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली मांडले, आणि वास हा आठवणीचा सर्वांत जवळचा रस्ता आहे. तांबडी माती, तिच्यात मुरलेले ताक, हळद, लिंबू, तेल. मी ती मातीच्या पसरट परळात घालून आबांच्या समोर ठेवली. त्यांनी आधी हात लावला नाही, नमस्कार केला. मग चिमूटभर कपाळाला लावली, मूठभर दोन्ही तळव्यांत चोळली आणि हात नाकाशी नेले. खोलीत तो आंबूस, थंड वास पसरला. आबा खुराकाचे बोलले, थंडाईचे बोलले, खासबागेच्या कुस्ती मैदानात बसायला जागा मिळायची नाही ते बोलले, आणि एकाएकी दाराकडे बघत म्हणाले, "बापू का आला न्हाई अजून?" बापू म्हणजे त्यांचा जोडीदार, जाऊन पंधरा वर्षे झालेला. आबांचे मातीने माखलेले हात तसेच हवेत राहिले होते आणि डोळे भरले होते. बापू गेले, असे सांगणे म्हणजे त्यांना ते दुःख पुन्हा नव्याने देणे. येतील, असे सांगणे खोटे. मी त्यांच्या शेजारी बसले आणि विचारले, "बापूंचा डाव कोणता होता?" बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ढाक." आणि बसल्या जागी त्यांनी तो खांद्याने करून दाखवला. ती माती मी आणायला हवी होती की नव्हती, याचा निर्णय मला अजून करता आलेला नाही. परळ कपाटात आहे. आबांनी मागितले तर काढायचे, आपण होऊन काढायचे नाही, एवढे ठरवले आहे.

कधी कधी तर आखलेला दिवस तसाच गुंडाळून ठेवावा लागतो. ९ ऑगस्ट २०२४ ला नागपंचमी होती. चिरायचे नाही, तळायचे नाही, म्हणून दिंडांचा बेत होता, मेंदी भिजवली होती, दुपारी फेर धरायचा होता. आदल्या रात्री केशवराव भोसले नाट्यगृहाला आग लागली. सकाळी मंडळी आली ती बोलेचनात. आज केशवरावांची जयंती आणि काल रात्री हे असे, हे एका काकांनी तीनदा म्हटले. मी मेंदीची वाटी झाकून ठेवली. मग एकेक जण सांगू लागले: कोण भिंतीवर बसून नाटक बघायचे, कुणाचे लग्न त्या नाट्यगृहाच्या मध्यंतरात ठरले होते, कुणी पडदा ओढायला उभे राहायचे. ज्या आजी चार महिन्यांत पूर्ण वाक्य बोलल्या नव्हत्या त्यांनी तिथल्या खुर्च्यांचे लाकूड हाताला कसे लागायचे ते सांगितले. चार वाजता कुणीतरी आपणहून फेराचे गाणे म्हणायला लागले, आणि बसल्या जागीच सगळ्यांनी ते म्हटले. तो दिवस वहीत कसा लिहावा हे मला कळले नाही.

आक्कांकडे मी मुद्दाम उशिरा येते आहे, कारण त्यांच्याबाबतीत मी पुन्हा एकदा चुकता चुकता राहिले. त्यांच्या हातांचे ते कसब पाहून मी घरी चौकशी केली, तेव्हा कळले की लक्ष्मीपुरीतल्या धान्याच्या दुकानांत त्यांनी तीसेक वर्षे रोजावर निवडणीचे काम केले होते. मला फार आनंद झाला. सापडली किल्ली, असे वाटले. मी सूप आणले, केंद्राच्या स्वयंपाकाला लागणारे धान्य आता आक्का निवडतील असे त्यांच्या सूनबाईंना मोठ्या उत्साहाने सांगितले. त्या काही क्षण गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, "आयुष्यभर दुसऱ्याच्या दुकानात निवडणंच केलं आमच्या आत्यांनी. गुडघे त्यातच गेले. आता तुमच्याकडं पण तेच व्हय?" यावर मला काही बोलता आले नाही. त्यांचे म्हणणे खरे होते. ज्या कामाने बाईची हाडे झिजवली तेच काम तिच्यापुढे ठेवून त्याला उपचार म्हणणे, हे मोर रंगवायला देण्यापेक्षाही वाईट असू शकते. पुस्तकांतल्या 'अर्थपूर्ण काम' या शब्दांत रोजंदारीच्या बाईचा अर्थ कुणी धरलेला नसतो.

मग जे आधी करायला हवे होते ते केले. आक्कांनाच विचारले. पडवीत ऊन होते, त्या पाय पसरून बसल्या होत्या, मी शेजारी बसून सूप त्यांच्या पुढ्यात ठेवले, रिकामे. म्हटले, आक्का, हे काम तुम्हांला आवडायचे का? त्यांनी सूप उचलले, उलटे केले, बोटाने वेताची वीण चाचपली, कडेचा एक टाका सैल झाला होता तो नखाने दाबला. "काम वंगाळ न्हवतं गं," त्या म्हणाल्या. "निवडल्यालं बाजूला काढून ठेवलं की बघायला बरं वाटायचं. दिवस भरला की पैकं कमी द्यायचा, ते वंगाळ."

मग मी केलं काय?

त्या दुपारी मला तो प्रश्न पहिल्यांदा पुरता ऐकू आला. बरणीत परत ओतलेले धान्य हे बुडवलेल्या रोजासारखेच होते.

आता सोमवारी सकाळी आम्ही त्यांच्यापुढे दोन गोष्टी ठेवतो. एका बाजूला सूप आणि मटकी, दुसऱ्या बाजूला ओव्या म्हणणाऱ्या बायकांचा गट किंवा पडवीतल्या कुंड्या. कधी त्या सूप दूर सारतात आणि कुंड्यांपाशी जातात, तो दिवस तसा. बहुतेक वेळा सूप ओढून घेतात. आधी पाखडतात, भुसकट उडते, मग सूप गोल फिरवत घोळतात, मग वेचतात. सूनबाईंशी बोलून गुडघ्यांसाठी उंच पाट केला आहे, आणि तासाभरापलीकडे बसू द्यायचे नाही असे ठरले आहे. एकदा काम संपल्यावर त्यांनी विचारले, "हजेरी मांडली का माझी?" मी गोंधळले. होकार द्यावा तर आपण त्यांच्याशी दुकान-दुकान खेळतो आहोत असे होईल, आणि लहान मुलांशी खेळल्यासारखे खेळणे मला पुन्हा करायचे नव्हते. शेवटी एक वही घातली, खरी. तीत आक्कांचे नाव, तारीख आणि 'मटकी एक किलो, निवडून स्वयंपाकघरात दिली' असे लिहिले जाते, कारण ती दिलेली असते. खाली त्या सही करतात. प्रौढ साक्षरता वर्गात शिकलेली, जोडाक्षरापाशी थांबणारी सही. त्या वहीत आता शेंगा सोलणाऱ्या आजी आहेत, व्यायाम घेणारे आबा आहेत, आणि तलाठीकाका सगळ्यांच्या नोंदी तपासून खाली बारीक अक्षरात आपली सही करतात. पैसे आम्ही देत नाही. ते द्यावेत का, यावर आमच्यात दोन मते आहेत आणि मी कोणत्या बाजूची ते आठवड्यागणिक बदलते.

बुधवारी जेवणात मोड आलेल्या मटकीची उसळ असते. आक्कांना सोमवारचे आठवत नाही. त्या पहिला घास तोंडात घोळवतात, दाताखाली नीट बघतात आणि शेजारणीला सांगतात, "खडा न्हाई. कुनी निवडलीया, चांगली निवडलीया." शेजारीण म्हणते, "तुम्हीच की वो." त्यावर त्या कधी हसतात, कधी तिच्याकडे संशयाने बघतात आणि जेवत राहतात.

सोमवारी मात्र एक ठरलेले आहे. निवडून झालेल्या मटकीचा डबा मी उचलला की आक्का उठतात. त्यांना उठायला वेळ लागतो, मी थांबते. मग आम्ही दोघी स्वयंपाकघराकडे जातो, मी पुढे, त्या भिंतीला हात धरून मागे. पातेले ओट्यावर तयार असते. मी डबा कलता करते आणि त्या दाराच्या चौकटीला टेकून बघत राहतात. मटकी पातेल्यात पडते, वरून पाणी येते, दोन-चार हलके दाणे तरंगतात ते त्या बोटाने दाखवतात, ते काढून टाकायचे असतात. मग त्या पदराच्या गाठीतले खडे सोडून केराच्या डब्यात टाकतात आणि टेबलाकडे वळतात.